शेरा

धावा मी लिहायचो,
भालू मुजुमदार बोलायचा.
चिमणबागेच्या मैदानावर आम्हां दोघांत एकच टेबल,
एक पाय लंगडा,
त्याखाली त्याच्या पानाच्या डबीचं झाकण.

पोपटी कोट, गळ्यात जांभळा रुमाल,
वैशाखातसुद्धा.
लाउडस्पीकर लग्नाच्या बँडवाल्यांचा, उसना,
कडुनिंबाला सुतळीनं बांधलेला.
आधी तो खोकायचा. मग,
‘हां, तर भिया लोक...’
आणि टपरीवरचे पेले
ओठांशी अर्ध्यावर थांबायचे.

खेळ त्यानं सरळ कधी सांगितलाच नाही.
गोलंदाज पळत यायचा, हा सांगत असायचा
की आज रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या किसाला तूप जास्त आहे,
की साइटस्क्रीनवर कावळा बसलाय,
त्याला कुणीतरी सांगा, तो केव्हाच बाद झालाय,
की स्लिपमधल्या दिघ्याला मुलगी मिळत नाही
कारण हातात आलेलं तो ठेवत नाही.
चेंडू तोवर सीमेपार.

माइकवर तळवा ठेवून मला विचारायचा, ‘किती?’
मी म्हणायचो, चार.
तळवा काढून तो जगाला सांगायचा,
‘सहा! अन् अजून खाली आलेला नाही.
राजवाड्याकडच्यांनी डोकी सांभाळा!’

दोनदा मी समितीकडे लेखी तक्रार केली.
अध्यक्षांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली,
त्याच्याच आवाजात.
‘पोतनीस,’ भालू मला म्हणाला,
‘वही तुझीच खरी रे.
पण ती ऐकू येत नाही ना.’

त्याला जाऊन बावीस वर्षं झाली.
कडुनिंब नाही. तिथे स्कूटर लावतात.
आता पडद्यावर आकडे आपोआप उमटतात,
एकही चुकत नाही,
आणि कुणी ते घरी नेत नाही.

परवा छप्पन दुकानांशी
एका पोराच्या हातून कचोरी निसटली.
दुसरा, भालूनंतर जन्मलेला, नाकातून ओरडला,
‘सोडला रे दिघ्यानं! आता मुलगी कोण देणार?’
दिघे कोण, त्याला ठाऊक नाही.
दिघ्याला तीन नातवंडं आहेत, तेही नाही.
पण शेजारची बाई हसली, कचोरीवाला हसला,
आणि मी, छत्तीस वर्षं बरोबर असलेला माणूस,
पैसे द्यायचेच विसरलो.

त्याच आठवड्यात पैज लागली म्हणून कुणाचा फोन:
गुळवेकर ढाल, महूविरुद्धचा अंतिम सामना,
शेवटच्या चेंडूवर चार की सहा?
मी म्हटलं, थांबा. वही आहे.

माळ्यावरून काढली. वाळवीनं कडा खाल्लेल्या,
आकडे शाबूत.
शेवटचं षटक. चार चेंडूंच्या खुणा.
पुढची दोन घरं रिकामी.
माझ्या वहीत, माझी, रिकामी.

चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
उजवीकडे शेऱ्याचा रकाना,
जिथे मी फक्त ‘अंधुक प्रकाश’ किंवा ‘पाऊस’ लिहायचो,
तिथे पेन्सिलीनं, घाईघाईत,
अक्षर माझंच:
चेंडू अजून खाली आलेला नाही.

फोन उचलून मी सांगितलं,
सहा.
वहीत आहे तसं.