पत्र्याचा साचा

नाव कुशीवर आडवी, टेकूला सावरीचे ओंडके.
उरकुडा मिस्त्रीनं तळच्या फळ्या उचकटल्या तेव्हा
आतून खवले निघाले, गाळ, जुनं चाराण्याचं नाणं
आणि बाशिंगाचा एक मणी,
कुठल्या वरातीचा, कोण सांगणार.

चौदा फासळ्या.
मिस्त्री एकेकीवर वाकसाचा दांडा आपटतो,
माठ घेणाऱ्या बाईसारखा कान लावतो.
"हे गेली. हे गेली. हे हाये अजून."
पाच राहिल्या.

हिवराज म्हणतो, लोखंड घालू.
पवनीला त्याचं वेल्डिंगचं दुकान,
दीड इंची अँगल, दोन दिवसांचं काम,
वरून लाल ऑक्साइड, पंधरा वर्षं बघणं नको.
"लाकूड पानी पेते," मिस्त्री म्हणाला,
"फुगते, सांध बुजवते. तुहं लोखंड काय करीन?"
"आन हे सडलं थे काय लोखंड होतं?"
यावर मिस्त्रीजवळ उत्तर नव्हतं.
तो बराच वेळ खर्रा घोटत बसला.

सागाचा डेपोतला भाव ऐकून
आम्ही तर्री-पोहे खाल्ले आणि परत आलो.
येन जड. बिजा मिळत नाही.
मोहाला कुऱ्हाड लावायची नाही,
त्याचीच फुलं अंगणात वाळताहेत.
छोट्या गाडीचे रूळ उखडले तेव्हाचे
दोन स्लीपर दिवारूच्या गोठ्यात होते,
डांबर प्यालेले, धार परतवणारे,
पण सरळ. जन्मभर सरळ पडून राहायची नोकरी.
त्यांचा कणा झाला.
फासळ्यांचं तसंच राहिलं.

म्हणून बाभूळ. धुऱ्यावरची,
बकऱ्यांनी ओरबाडलेली, वाऱ्यानं एका अंगाला लोटलेली,
धानाच्या बांधीवर सावली नको म्हणून
दरसाल छाटलेली, आणि दरसाल
भलत्याच दिशेनं फुटलेली.

मिस्त्रीला आता लांबचं दिसत नाही.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
त्यानं नऊ फासळ्यांचे नऊ साचे केले,
खिळ्यानं नंबर टोचले, माझ्या हातात दिले.
"जाय पोरी, झाडायले लावून पाय."

तर मी पत्रे घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरते.
दोन नंबर बसला भागरताच्या बाभळीला.
ती म्हणाली, ने, पण बकऱ्या बांधते त्या अंगाची नको.
सात आणि आठ एकाच फांदीत,
एकाखाली एक, जावांसारखे.
पोरं मागून येतात, विचारतात
झाडाचं माप कशाला, सदरा शिवतेस का?
कापलेलं सगळं मिस्त्री चिखलात पुरतो,
नाहीतर भुंगा आधी जेवतो.

अकरावा कशालाच बसेना.
त्याला वाक आहे, आणि वाकात पुन्हा एक मुरड.
मी तो खाटेला लावला, जुवाला लावला,
लाखांदूरच्या बसमध्ये पुढच्या बाईच्या
काखोटीतल्या सुपाला लावला, मनातल्या मनात.
रात्री कूस बदलताना माझाच गुडघा
त्या वळणावर येऊन थांबला. जागी झाले.

आठव्या दिवशी मिस्त्रीनं जुनी अकरावी फासळी मागवली.
नखानं खरवडली. हुंगली. जिभेवर ठेवली.
"मायबाप," तो म्हणाला, "हे फांदी नोहे. मूळ हाये.
तू वरतं पायत फिरली."

धरणाचं पाणी दरसाल चढतं तिथं
बाभळी उभ्याच्या उभ्या मेल्यात,
बगळ्यांच्या विष्ठेनं पांढऱ्या.
चैतात पाणी मागे सरतं, बुंधे उघडे पडतात.
हिवराज फावडं घेऊन आला, न बोलावता.
अँगलचं नाव काढलं नाही.
मी गुडघ्याइतक्या गाळात,
दंडापर्यंत हात आत,
हातात अकरा नंबरचा पत्रा,
काही दिसत नाही, थंड, एखादा डिवचलेला मरळ,
आणि मग पत्र्याची कड
कशाला तरी लागली,
आणि लागूनच राहिली, टोकापर्यंत.

"बसला काय?" काठावरून मिस्त्री.

थांबा जरा.