चार श्रेयांक

परिपत्रक काचेच्या पेटीत लावलंय,
पेटीला कुलूप, किल्ली वल्लाकाटींकडे,
वल्लाकाटी जेवायला गेलेत.
काचेला नाक टेकवून वाचतोय आम्ही :
बी. ए. गुन्हेगारीशास्त्र, सत्र पाचवं.
संख्याशास्त्र आता अनिवार्य.
सायबर गुन्हे आता अनिवार्य.
'क्षेत्रभेट, सेटलमेंट, चार श्रेयांक',
त्यापुढे : वगळण्यात येत आहे.

तबस्सुम म्हणाली, सुटलो बे,
सोलापूरच्या उन्हात तीन तास कोण फिरणार.
मीही म्हणाले, सुटलो.
मला तर फिरायचंही नव्हतं,
क्षेत्र माझ्या उंबऱ्यापासूनच सुरू होतं.

दर फेब्रुवारीत यायची ती पोरं.
मी पाच वर्षांची, नऊ वर्षांची, तेरा.
पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्रं,
पुढे छत्री घेतलेले हत्तुरे सर.
इथं तार होती, सर सांगायचे,
तिकडं फाटक.
पोरं तारेच्या जागेकडे बघायची,
तिथं आमचे परकर वाळत असायचे.
आई तेवीस कप चहा करायची,
आठ कप घरचे, बाकी शेजारचे,
आणि मग सातवा प्रश्न यायचा :
कुटुंबातील कोणास अटक झाली होती काय?
आई म्हणायची, साखर पुरली का बघा.

एका मुलीनं मला बिस्किटांचा पुडा दिला
आणि तक्त्यात लिहिलं : बालक, स्त्री, एक.
पुडा मी खाल्ला. चांगला होता.
पण त्या दिवसापासून मला पॅड हवं होतं,
क्लिपवालं, प्रश्न विचारायचं.
प्रवेशाच्या अर्जावर कारण लिहिलं, आवड.

नियम अकरा मात्र तसाच ठेवलाय :
हजेरी पंचाहत्तर टक्के,
अन्यथा परीक्षेस बसता येणार नाही.
माझी एकाहत्तर भरते,
जूनमध्ये गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाचं काम असतं.
बिराजदार मॅडम म्हणाल्या,
हजेरीचं महत्त्व घरी कुणी सांगितलं नाही का?

सांगितलंय, मॅडम.
पणजोबा, नागू सटवा,
मिलच्या भोंग्याआधी एकदा,
दिवे लागल्यावर एकदा,
फाटकाशी उभं राहून 'हाय जी' म्हणायचे,
एकवीस वर्षं.
एकच संध्याकाळ चुकली,
अक्कलकोटला बहिणीच्या हळदीत बसून राहिले.
तीन महिने आत.
सातव्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच आहे,
आमच्या घरात दुसरं नाही.
आईनं ते तेवीस कपांत कधी ओतलं नाही,
मीही मॅडमना सांगितलं नाही.
वैद्यकीय दाखला आणते म्हणाले.

घरी आले तर ओट्यावर नवे कप,
डझनभर, निळ्या फुलांचे, बशा नाहीत.
यंदा कधी येऊलालेत गं तुझी पोरं?
नाही येणार, आई. काढून टाकलं आपल्याला अभ्यासातून.
ती थोडा वेळ कप पुसत राहिली.
म्हणजे पास झालो का नापास?

मला सांगता आलं नाही.
तार काढली तेव्हाही म्हणे
दोन-तीन दिवस दिवेलागणीला
माणसं फाटकाच्या जागी येऊन उभी राहायची.
नाव पुकारायला कुणी नसायचं.
एकमेकांकडं बघायची
आणि घरी जायची.

संख्याशास्त्राचं पुस्तक एकशे ऐंशीला मिळालं,
जुनं, आधीच्या कुणीतरी पेन्सिलनं रेघा मारलेलं.
पहिलं प्रकरण : नमुना कसा निवडावा.