अस्तर

दौलतगंजात दहाला दुकान उघडलं
तरी सुई ओवायला दिवा लागतो.
कोहरा पायरीपर्यंत आलेला.
समोरचा गजकवाला दिसत नाही,
नुसतं कुटणं ऐकू येतं. धप्प. धप्प.

धारकरांची शाल्मली आली, बगलेत कोटाचं कापड.
"निकुंभकाका, सप्पोरोला चाललेय. दोन वर्षं. बर्फ शिकायला."
बर्फ शिकायला!
आमच्याकडे बर्फ म्हणजे
लग्नात पाण्याच्या टाकीत सोडायची लादी.

तिथल्या कुणी यादी पाठवली होती.
ती फोनवर वाचत गेली, मी माप घेत गेलो.
छाती चौतीस.
"दिवसा उणे चार, रात्री उणे दहा."
बाही साडेबावीस.
"एक जाड नको, तीन पातळ घाला."
बरोबर. चाळीस वर्षं मी हेच सांगतोय,
दोन कापडांमध्ये थोडी हवा राहू द्या,
पण गिऱ्हाइकाला अंगाला चिकटलेलंच हवं असतं.
खांदा पंधरा.
"आत सुती नको, घाम धरून ठेवतं.
बुटांचे तळ खरबरीत. पावलं लहान, बदकासारखी.
मोज्यांना भोक नको, जेवायलाही बूट काढून बसतात."
इथं तिनं खाली पाहिलं.
अंगठा बाहेर.
तिथंच रफू करून दिला,
तोवर ती मशीनला धरून एका पायावर उभी.

मग पुढची ओळ:
"घरात, दुकानात, गाडीत हीटर असतो.
आत गेलं की कोट काढायचा."

काढायचा?
ग्वाल्हेरात कोट काढतात तो बाहेर,
गच्चीवर, बारा ते दोन, ऊन असलं तर.
आत यायचं म्हणजे परत घालायचा.
माझी बायको पोळ्या लाटते
स्वेटरवर शाल, शालीवर माझं जाकीट घालून.
आमची घरं मे महिन्याशी भांडायला बांधलेली,
जानेवारीत भिंतींना ते कोण सांगणार?

म्हणजे हा कोट
अर्धा दिवस खुंटीवर, मांडीवर, खुर्चीच्या पाठीवर.
उलटा.
म्हणजे लोक बघणार अस्तर.
आणि अस्तराला तर मी जन्मभर
उरलंसुरलं लावत आलो,
काळं, करडं, हाताला येईल ते.

रात्री फळीवरची गाठोडी उपसली.
एका नवरदेवानं न नेलेल्या शेरवानीची चंदेरी निघाली,
हळदी, सव्वादोन मीटर.
चंदेरी शिवणीवर विरते,
म्हणून पाठीशी फलालीन दिलं.
आतून दोन खिसे:
एक पासपोर्टाला,
एक त्या पुडीला, जी म्हणे फाडून हलवली
की दहा तास गरम राहते.
(कातडीला लावू नये, कापडावरून लावावी. यादीतलंच.)
शिलाई घेतली साध्या अस्तराची.
बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

एक सूचना यादीत नव्हती, ती मी दिली:
विमान उद्या असेल तर दिल्लीला आजच जा,
कोहऱ्यात गाडीचा भरवसा नाही.
गाडी सात तास उशिरा सुटली.
यादीवाल्याला हे कुठून ठाऊक?

माघात तिचा फोटो आला. ती नव्हती त्यात.
एक लहानसं खाणावळीसारखं दुकान, वाफ धरलेली काच,
भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर काळे कोट,
आणि मध्येच एक हळदी.
खाली लिहिलेलं:
"मालकीणबाई विचारतात, शिवला कुणी.
तुमचं आडनाव त्यांना म्हणता येत नाहीये, काका.
तीनदा म्हणून पाहिलं त्यांनी."

मी फोन ठेवला.
बोटं आखडली होती,
इस्त्रीतल्या कोळशांवर जराशी धरली.
समोर अजून कुटणं चालू होतं.
बाकावरचे गृहस्थ म्हणाले,
अस्तर काय, कुठलंही चालेल.
म्हटलं, बसा.
आधी सांगा,
तुम्ही कोट काढता कुठं?