तिकीटखिडकीची उंची

हुफूफच्या अलीकडे, जुन्या मार्गावर,
बावन्न सालचं स्टेशन. पाडायच्या आधी
मोजून ठेवायचं, एवढंच माझं काम.
टेपचं एक टोक तिलककडे, दुसरं माझ्याकडे,
मधे वाळू.

छज्जा अजून तरंगतोय. चार इंच काँक्रीट,
खाली सात बारीक खांब,
कुण्या इंजिनियरने दूर कुठेतरी
पंख्याखाली बसून ओढलेली एक रेघ.
भिंतीत जिप्समच्या जाळ्या :
वारा आत येईल, वाळू बाहेर राहील,
असं नकाशात लिहिलंय.
बायकांच्या खोलीला वेगळं दार,
आतून कडी, कडीखाली
मेंदीचा एक अंगठा. गंजही असेल.
घड्याळ गेलं. चार खिळे राहिले.

मग तिकीटखिडकी.
नकाशा म्हणतो साडेतीन फूट.
टेप म्हणते दोन फूट एक इंच.
तिलकने न सांगता पुन्हा ताणली.
तेवढंच.
माझ्या तक्त्यात रकाना एकच आहे : बांधकामातील दोष.

हाजी जवाद रोज येऊन छज्जाखाली बसतो.
बारा वर्षांचा असताना इथल्या विटांवर पाणी मारायचा,
पुढे इथेच सांधेवाला झाला.
म्हणाला, आधी उंचच होती, महिनाभर.
लोक उंटावरून उतरायचे, बोचकं टेकवायचे
आणि खिडकीखाली बसकण मारायचे.
पैशाची गोष्ट उभ्याउभ्या करतं का कुणी?
वरून कारकून ओरडायचा, कुठे जायचंय?
खालून आधी त्याच्या बापाची खुशाली,
मग रियाधच्या विहिरींचं पाणी,
मग भाडं.
तोवर गाडी गेलेली.

एका रात्री खमीस गवंड्याने
कुणाला न विचारता भिंत फोडली,
खिडकी खाली आणली,
आणि जाताना कारकुनाची खुर्चीही घेऊन गेला.

"पगार कापला असेल त्याचा?"
"दोन रियाल."
"मग त्यानेही बसून तिकीट काढलं असेल कधीतरी?"
"छे. गाडीला भ्यायचा तो."

मी उकिडवा बसून पाहिलं.
पलीकडे कारकुनाच्या जागी वाळूचा ढीग,
बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर,
जणू आता विचारेल काहीतरी.

दोष हा शब्द छापील आहे, खोडता येत नाही.
त्याच्याखाली लिहिलं :
दोन फूट एक इंच. बसून बोलण्यासाठी.

"साहेब," तिलक म्हणाला, "ऊन चढतंय.
पुढचं माप?"