येस

उखा बेडसे, नववीला इंग्रजीत पस्तीस.
मीच दिले होते. त्यातले चार उसने.

आता तो साक्रीच्या पुढं पवनचक्क्यांच्या माळावर
दोन साहेबांची बोलेरो चालवतो:
एक ग्लासगोचा, एक लागोसचा.
पाती उतरवायची, बेअरिंग बदलायचं, आठ महिन्यांचं काम.
मी रिटायर झाल्यावर घरी येऊन म्हणाला,
चला म्याडम, तुमची इंग्रजी तिकडं कशी चालते, दाखवतो.

माळावर वारा असा, की पदर मुठीत धरावा लागतो.
ग्लासगो काहीतरी बोलला.
मी, एम. ए., बी. एड., दोन्हीकडं सेकंड क्लास,
एक शब्द उचलू शकले नाही.
लागोसलाही उचलता आला नाही. त्यानं उखाकडं पाहिलं,
आणि उखानं
इंग्रजीचं इंग्रजी करून दिलं.

"मेसेज आणायला चाललोय म्हणतो. मेसेज म्हणजे किराणा.
पहिल्या आठवड्यात मी त्याले तीनदा माझा मोबाइल काढून दिला.
आणि हा सकाळी भेटला की इचारतो, हाऊ फार?
मी सांगायचो, धुळे पंचावन्न किलोमीटर.
ते 'कसं काय' असतं, म्याडम.
उठून जाताना म्हणतो, आय ॲम कमिंग.
ग्लासगो बिचारा तिथंच उभा. जातो तर कमिंग कसं?
मला नाही सांगावं लागलं.
मन्ही माय सांगस, जास म्हनू नको रे, येस म्हन."

"उखा, मग ह्या दोन भाषा की एक?"
"मॅन्युअल एकच आहे," तो म्हणाला.
टायरवर लाथ मारून हवा पाहिली.
"आणि आपली अहिराणी कशात धरता तुम्ही?"

एक्केतीस वर्षं. वर्गात मास्तर कमी, त्यामुळं मराठीच्या वह्याही माझ्याचकडं.
'शे' खोडून 'आहे'.
'उना' खोडून 'आला'.
समासात लाल शाईनं: भाषा सुधारा.
जनरल रजिस्टरला मातृभाषेचा रकाना.
पहिल्या ओळीत 'मराठी' लिहायचं
आणि खाली पान संपेपर्यंत
दोन टिंबं, दोन टिंबं, दोन टिंबं.
हात दुखू नये म्हणून.
एकाही पोराच्या मायला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात वरून, टॉवरच्या दारातून,
ग्लासगो ओरडला:
आय! आय!

"हो म्हणतो तो," उखा म्हणाला. "त्यांच्यात हो म्हणजे आय."

आमच्यात आय म्हणजे आय.
कोरेगावकडचं गाव आमचं, ओढ्याच्या अलीकडं.
बी. एड.ला पुण्यात होस्टेलच्या पोरी त्या शब्दाला हसल्या
आणि मी पुढच्या पत्रावर लिहिलं: तीर्थरूप सौ. आईस.
तिला वाचता येत नव्हतं, भावानं वाचून दाखवलं.
तिनं मधेच थांबवून विचारलं म्हणे,
"ही कुणाची आई रं?"

वर पातं एवढं मोठं, की त्याची सावली
दगडांवरून सरकत पार खालच्या बाजरीत जायची.
साहेब एकमेकांना खुणा करत होते.
अंगठा वर, तळहात थांब, दोन बोटं फिरवून बोल्ट.
त्या खुणाही, उखाच्या मते, सारख्या नव्हत्या.
"अंगठ्यावरून एकदा भांडण झालं होतं," तो म्हणाला,
आणि पुढचं सांगितलं नाही, कारण मी त्याची म्याडम.

उतारावर तो पुन्हा काही विचारेल असं वाटलं.
त्यानं आरसा पुसला, समोर मेंढरं होती.
घराशी गाडी थांबली. थर्मास विसरला होता माझा,
तो परत येऊन हातात दिला.
"येस म्याडम," म्हणाला
आणि गेला.

अहिराणीत होतं की इंग्रजीत?
एक्केतीस वर्षांची सवय,
पण खोडायचं कुठं
ते काही ठरेना.