लिंबू

विमान चाललं होतं भलतीकडेच,
कोणाच्या तरी छातीत कळ आली म्हणून सोनेगावले उतरलं.
रातभर सारे वर्धा रोडच्या हॉटेलात.
सकाळी सहाले एक बाई माझ्या ठेल्यावर,
अंगभर पांढरं वस्त्र गुंडाळलेलं,
पायात हॉटेलच्या सपाता.
घशाले हात लावून काहीतरी मागे.
मी म्हटलं, तर्री नको, तिखट आहे.

इद्रिस तिथंच पोहे खात उभा.
सतरा वर्षांचा, खार्तूमचा,
खामल्यात खोली, फार्मसीचं पहिलं वर्ष,
माझ्याकडे चाळीस रुपये उधार.
त्यानं तिले पाहिलं
आणि सारी तर्री बुटावर सांडली.

मले काय माहीत कोण ती!
दोघं बोलत होते, म्हणजे तीच बोलत होती,
पोरगा मान खाली घालून नुसता हुं हुं,
गृहपाठ विसरल्यासारखा.
मग तिनं माझ्या टोपलीकडे बोट दाखवलं
आणि तो एकदम मराठीत म्हणाला, "लिंबू."

ती म्हणाली, लिंबू.
पुन्हा म्हणाली, जरा लांबवून,
लिं खाली, बू वर कुठंतरी,
आणि झारा माझ्या हातात तसाच राहिला.

बिनदुधाचा चहा, त्यात अर्धं पिळलं.
पैसे इद्रिसनं दिले. जुनी उधारीही फेडली,
कायले, त्यालेच ठाऊक.

बस आली, घेऊन गेली.
तो म्हणाला, "काका, माझी आई भांडी घासताना हिलाच लावते."
"मग सांगितलं नाही तिले?"
"सांगितलं ना.
तिनं विचारलं, भांडी स्वच्छ निघतात का?"