हातचा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली चाचणी घेतली.
एकशे बारा पेपर. पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवलेला:
एक्सचा वर्ग बरोबर पाच एक्स, तर एक्स किती?
शहाण्णव जणांनी दोन्हीकडचा एक्स उडवला,
पाच लिहिले, आणि खाली दोन रेघा मारल्या
पट्टीने.

शून्य कुणाला आठवलं नाही.
म्हणजे, सोळा जणांना आठवलं.
त्यातले नऊ एकाच रांगेत बसले होते.

स्टाफरूममध्ये मी दरवर्षीचं बोलले:
बारावीपर्यंत करतात काय ही मुलं,
शाळेत शिकवतात तरी काय यांना?
मेट्रो खिडकीवरून गेली. चहा आला.
नेहमी एवढ्यावरच मिटतं.

या वेळी शनिवारी गठ्ठा घेऊन भोसरीची बस धरली.

घुले बाईंची शाळा वर्कशॉपला लागून.
लेथचा आवाज भिंतीतून येतो, थेट फळ्यातून आल्यासारखा.
सव्वीस वर्षं त्या आवाजाच्या वरच्या पट्टीत शिकवलंय,
त्यामुळे बाई खासगीतलं बोलल्या तरी शेवटच्या बाकाला कळतं.
त्यांनी चष्मा पदराने पुसला, चार पेपर पाहिले.
"उडवा हा शब्द माझाच," म्हणाल्या.
"साठ मुलं, पस्तीस मिनिटं.
भाग द्या, पण ज्याने भागताय तो शून्य तर नाही ना, बघा –
एवढं सांगून होईतो घंटा होते.
उडवा म्हटलं की उडतं."

चिमणीसारखं, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
"आणि तुमच्याकडे?"

माझ्याकडे.
माझ्याकडे पहिल्याच तासाला लिमिट.
इंग्रजीत, घाईत, "हे तर तुम्हाला येतच असेल" म्हणत
डाव्या हाताने पुसत गेलेला फळा.
गेल्या वर्षीचा खुटवड, वेल्ह्याकडचा.
छेद त्याला झोपेतही कळला असता,
पण डिनॉमिनेटरपाशी तो थांबला तो थांबलाच.
महिनाभर दुसऱ्या बाकावर मान खाली घालून
मी फळ्यावर काढलेलं जसंच्या तसं उतरवत राहिला,
माझ्या चुकांसकट.
ऑक्टोबरात अॅडमिशन काढून घेतली.
हजेरीपटात मी त्याच्या नावावर रेघ मारली.
पट्टीने.

हे बाईंना सांगितलं नाही.
खालच्या मजल्यावर दुसरीचा वर्ग एका सुरात म्हणत होता:
सात आणि आठ पंधरा, पाच लिहा,
हातचा एक.
जिन्यावरून दिसली एक मुलगी,
जीभ दातात धरून तो एक लिहिताना,
अगदी बारीक, पुढच्या घराच्या डोक्यावर.
तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे घर संपलं
आता पुढचं त्यांचं ते बघतील.

"तुम्ही या इथे," घुले बाई म्हणाल्या, "मी येते तिकडे.
बारावी संपल्यावर मुलं दोन महिने मोकळीच असतात.
एक गणित घेऊ. एकच. तासभर.
पाच का, आणि शून्य का, आणि दोन उत्तरं कशी काय.
कंटाळू देत."
मग जरा थांबून, "मलाही धड सांगता येतं का बघू."

परतीच्या बसमध्ये नाशिक फाट्यापाशी
खुटवडचा जुना नंबर लावला.
लागला. मागे यंत्रांचा आवाज.
शिरवळच्या कंपनीत बोल्ट मोजतो म्हणाला,
मोजायला मशीन आहे, मी मशीनवर लक्ष ठेवतो.
रविवारी येशील का, मी विचारलं.
"मॅडम, रविवारी सुट्टी नसते."
मग कधी असते?
"गुरुवारी."

गुरुवारी भोसरीतही लेथ बंद असतात.
घुले बाई त्या दिवशी काय आवाजात बोलत असतील?

तो येतो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.
बघतो म्हणाला.
वहीचं नवं पान काढलं, बस हलत होती,
कोपऱ्यात, वर, बारीक अक्षरात
गुरु. एवढंच लिहिलं,
हातचा लिहितात तिथे.